तीन विषय उरले आहेत आणि पुस्तक उघडवत नाही : संसारात शिकताना उमेद कशी टिकवता?

अश्विननगर

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते, वय ३७. बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझे लग्न झाले आणि पुढचे शिक्षण 'बघू नंतर' या दोन शब्दांवर पंधरा वर्षे थांबले. धाकटी अंगणवाडीत जाऊ लागली तेव्हा मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. पहिले वर्ष हौसेने केले, दुसरे हट्टाने केले. आता शेवटच्या वर्षाचे तीन विषय उरले आहेत आणि गेले चार महिने पुस्तक उघडवत नाही.

घरची परिस्थिती थोडक्यात सांगते. यजमान अंबडच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात, त्यामुळे घराचे घड्याळ दर आठवड्याला बदलते. मुलगा सातवीत आहे, मुलगी दुसरीत आहे आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. रात्री साडेदहाला ओटा आवरून बसले की दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. मात्र वेळ अजिबात मिळत नाही असे म्हणणे खोटे ठरेल, कारण त्याच डोळ्यांनी मी मोबाइल अर्धा तास बघते. म्हणजे अडचण केवळ वेळेची नाही, एवढे मला कळते. पुस्तक समोर आले की छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते आणि मी उठून डाळ भिजत घालते.

ज्यांनी मुलेबाळे, नोकरी, शेती, आजारपणे सांभाळून शिक्षण घेतले त्यांनी आपले अनुभव लिहावेत. उमेद संपते तेव्हा तुम्ही नेमके काय करता? एक विनंती आहे, सुविचार नकोत. ते आमच्या सोसायटीच्या गटावर रोज सकाळी येतात.

सुविचार दररोज

प्रयत्नांती परमेश्वर! जिद्द ठेवा ताई, यश तुमचेच आहे.

मिसळप्रेमी

धागाकर्तीने (ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंनी) 'सुविचार नकोत' असे लिहिल्यापासून पहिला सुविचार येईपर्यंत बरोबर अकरा मिनिटे लागली. एवढ्या वेळात नाशिकमध्ये मिसळही टेबलावर येत नाही. सदस्यनामाला जागल्याबद्दल वरील सदस्यांचे अभिनंदन. (हलके घ्या.)

रात्रपाळीवाला

ताई, मी सातपूरच्या एका कारखान्यात वीस वर्षे काढली आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी बी.कॉम. झालो. माझा अनुभव असा की उमेदीची वाट बघत बसलो असतो तर आजही बारावीच राहिलो असतो. मी एकच युक्ती केली. पुस्तकाची शिवण उसवून त्याचे वीस-वीस पानांचे गठ्ठे केले आणि रोज एक गठ्ठा शर्टाच्या खिशात घालून कामावर गेलो. कंपनीच्या बसमध्ये जाताना वाचायचे, जेवणाच्या सुटीत त्यातलेच एक उत्तर मनात म्हणून बघायचे आणि परतताना राहिलेले संपवायचे. संपूर्ण पुस्तक बघितले की धडकी भरते, वीस पानांची भरत नाही. गठ्ठा संपेपर्यंत दुसरा खिशात घालायचा नाही, हा नियम मी स्वतःला घातला होता.

रविवारी सकाळी चार तास सलग बसायचो. त्या चार तासांत मी कोणालाही उपलब्ध नसायचो. असे चार तास तुम्हीही ठरवून घ्या, बाकी सर्व आपोआप जमते.

पंचवटीची सून

रात्रपाळीवाला दादा, गठ्ठ्यांची युक्ती खरोखरच चांगली आहे आणि मी ती उचलणार आहे. परंतु 'आपोआप' या शब्दापाशी मी अडखळले. तुम्ही चार तास कोणालाही उपलब्ध नव्हता, तेव्हा मुलांना कोण उपलब्ध होते? पाहुणे आले तर चहा कोणी केला? तुम्ही बसमधून उतरून घरी आलात तेव्हा ताट वाढलेले असणार. धागाकर्तीला ते ताट वाढून, खरकटे काढून मग बसायचे आहे. पुरुषाने रात्री पुस्तक घेतले की घरातले दूरचित्रवाणीचा आवाज कमी करतात. बाईने घेतले की 'आज लवकर आवरलं वाटतं' असे म्हणतात.

हे भांडण म्हणून लिहिलेले नाही. मी डी.एड. करत होते तेव्हा माझा थोरला आठ महिन्यांचा होता आणि पाठ-टाचणे (वर्गात शिकवायच्या धड्यांचे आराखडे) मी त्याला मांडीवर पाय हलवत झोपवताना काढलेली आहेत. त्या काळात मला कोणी 'चार तास ठरवून घे' म्हटले असते तर मी रडले असते.

गोदामाई

पंचवटीची सून, अक्षराअक्षराशी सहमत. विशेषतः 'आज लवकर आवरलं वाटतं' हे वाक्य तर आमच्या भिंतीवर कोरून ठेवावे इतके रोजचे आहे.

द्राक्षबाग

आम्ही निफाड तालुक्यातले. आमच्याकडे दिवसाचे नव्हे, वर्षाचे गणित असते. द्राक्षांची ऑक्टोबरची छाटणी झाली की फेलफूट (घड नसलेली फूट) काढणे, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), मण्यांची विरळणी आणि पुढे काढणी, असे मार्चपर्यंत कोणाला मान वर करता येत नाही. त्यातच अवकाळी पाऊस आला तर रात्री फवारणीसाठी ट्रॅक्टरमागे दिवा धरून उभे राहावे लागते. पहिल्या वर्षी मी हे सर्व विसरून हिवाळी परीक्षेचा अर्ज भरला आणि ऐन विरळणीत मजुरांबरोबर बागेत उभी असताना माझा पेपर तिकडे होऊन गेला. नापास झाले तेव्हा वाटले, आपल्याला हे जमणार नाही.

पुढच्या वर्षी सासऱ्यांनीच सांगितले, 'अगं, बाग सुद्धा बारा महिने फळ देत नाही.' मग मी अभ्यासाचा हंगाम ठरवला. जुलै ते सप्टेंबर मुख्य वाचन, कारण तेव्हा बागेत औषध मारण्यापलीकडे बायकांना फारसे काम नसते. ऑक्टोबर ते मार्च पुस्तक कपाटात, त्याबद्दल मनाला लावून घ्यायचे नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकली की उजळणी आणि उन्हाळी परीक्षा. तीन वर्षांची पदवी मला पाच वर्षे लागली, पण झाली.

ताई, तुमच्या घरालाही असा हंगाम असेल. यजमानांची कोणती पाळी असते तेव्हा घर शांत असते, मुलांच्या परीक्षा कधी असतात, दिवाळी-गणपती कधी, हे एका कागदावर मांडून बघा. चार महिने पुस्तक उघडले नाही ते कदाचित तुमच्या बागेच्या काढणीचे महिने असतील.

रोखठोक

सर्वजण 'कसे' यावर लिहीत आहेत, 'कशासाठी' हा प्रश्न कोणीच विचारत नाही. राग मानू नका, पण ३७ व्या वर्षी बी.ए. होऊन नेमके काय मिळणार आहे? गावोगावी पदवीधर रिकामे बसले आहेत. त्यापेक्षा संगणक, टॅली, शिवणकाम, बेकरी यांतले सहा महिन्यांचे काहीतरी शिकून घरबसल्या चार पैसे मिळवणे शहाणपणाचे नाही का? कदाचित उमेद संपली याचा अर्थ मनालाच पटलेले नाही, असा असू शकेल.

गोदामाई

रोखठोक, आपले नाव सार्थ आहे, परंतु माहिती अर्धी आहे. तलाठी पदाला कोणत्याही शाखेची पदवी लागते, राज्यसेवेला लागते, जिल्हा परिषदेच्या मुख्यसेविका (अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या) पदालाही लागते. माझी एक मैत्रीण दहा वर्षे अंगणवाडी सेविका होती. तिच्या कामात काडीचा दोष नव्हता, अडले होते ते पदवीपाशी. अर्थात वयोमर्यादा असते आणि स्पर्धाही असते, म्हणून पदवी म्हणजे नोकरीची हमी असे मी म्हणणार नाही. पण बंद दाराला निदान कडी दिसते.

रोखठोक

मैत्रिणीला मिळाले का ते पद?

गोदामाई

नाही. पहिल्या परीक्षेत थोडक्यात हुकले. ती आता दुसऱ्यांदा बसते आहे आणि मध्यंतरी तिच्या धाकट्या जावेनेही प्रवेश घेतला आहे.

पंचवटीची सून

'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर दर वेळी पगारातच का द्यायचे, हेही मला कळत नाही. रोखठोक दादा, तुम्ही दर रविवारी क्रिकेट खेळत असाल, तेव्हा तुम्हाला कोणी विचारते का की या वयात संघात निवड होणार आहे का?

रोखठोक

मी रविवारी झोपतो. पण मुद्दा मान्य.

समंत्रक

मी नाशिकमधील एका अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षे समंत्रक, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक, म्हणून संपर्कसत्रे (केंद्रावरचे वर्ग) घेतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्याच शहराबाहेर, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आहे. गंमत अशी की गंगा घरी येते हे खरे असले, तरी घरात तिला ठेवायला हंडा रिकामा असावा लागतो, आणि तो रिकामा करून देणे विद्यापीठाच्या हातात नसते.

माझ्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक जणी धागाकर्तीसारख्याच असतात. पूर्वी काहींनी बारावीही केलेली नसे, पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून त्या पदवीला येत. इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आले ते असे की माणसे अभ्यास कठीण वाटला म्हणून क्वचितच सोडतात. ती सोडतात एखादी परीक्षा हुकली किंवा एखादा विषय राहिला की. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते घरी सांगितलेले नसते. विषय राहिल्याची गोष्ट मनात दडवून ठेवली की पुस्तक दिसताक्षणी तीच आठवते आणि मग पुस्तकच नजरेआड ठेवावेसे वाटू लागते. पुढे फोन उचलणे बंद होते, संपर्कसत्राला येणे बंद होते, आणि एके दिवशी कोणीतरी सांगते की त्या बाईंनी शिक्षण सोडले. प्रत्यक्षात त्यांनी ते सोडण्याचा निर्णय कधी घेतलेलाच नसतो.

धागाकर्तींच्या बाबतीत असे काही आहे का, हे मी विचारत नाही. फक्त एवढे सांगतो की विषय राहणे ही मुक्त शिक्षणात अत्यंत साधी बाब आहे. नोंदणीची मुदत संपलेली नसेल तोवर तो विषय पुन्हा देता येतो आणि पदवीच्या कागदावर 'दुसऱ्या प्रयत्नात' असे कोणी छापत नाही.

अभ्यासाच्या रीतीबद्दल एक सूचना करतो. थकलेल्या माणसाने रात्री वाचू नये, लिहावे. वाचन डोळ्यांवरून घसरते, लिहिण्याने जाग राहते. पुस्तक मिटून, आठवेल तेवढेच, एका प्रश्नाचे अर्धे पान लिहावे आणि मग पुस्तक उघडून काय राहिले ते बघावे. काही दिवसांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा लिहावा. विस्मरणाचे मोजमाप हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले होते, आणि ठरावीक अंतराने केलेली उजळणी एका बैठकीच्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे तेव्हापासून वारंवार दिसून आले आहे. गृहिणीला सलग वेळ मिळत नाही याचे दुःख सर्वांना असते, पण तुकड्या-तुकड्यांचा वेळ या एका बाबतीत तिच्या बाजूने आहे.

मिसळप्रेमी

समंत्रक सर, हा हंड्याचा दृष्टान्त आपण वर्गातही देता का? आमच्या वेळी असे शिक्षक असते तर मी मिसळीच्या नादी लागलो नसतो.

समंत्रक

देतो. दर वर्षी एक तरी विद्यार्थिनी विचारते की सर, हंडा घासायचा कोणी. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

वाचनवेडा

आपल्या नाशिकच्या मातीतले दाखले या धाग्यावर यायलाच हवेत. शेजारच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतरच लिहा-वाचायला शिकल्या आणि पुढे मराठीतल्या थोर लेखिका ठरल्या. निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई सासरच्या बायकांची बोलणी खात इंग्रजी शिकल्या. आनंदीबाई जोशी घरचे कोणी सोबत नसताना समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर होऊन दाखवले. त्यांच्यापुढे आपल्या अडचणी त्या काय!

गोदामाई

वाचनवेडा, आपला हेतू चांगला आहे, पण 'त्यांच्यापुढे आपल्या अडचणी त्या काय' हे वाक्य मला नेहमी खुपते. आनंदीबाई पदवी मिळाल्यानंतर वर्षभरातच, बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत गेल्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांना शिकवले हे जसे खरे, तसेच त्या शिकवण्यात मारहाणही होती. असामान्य बायकांच्या गोष्टी सांगितल्या की सामान्य बाईला धीर येतो असे सर्वांना वाटते. मला तर उलट अपराधी वाटते, की एवढ्या मोठ्या संकटांत त्या शिकल्या आणि आपल्याला गॅसची शेगडी, मिक्सर, नळाला पाणी असूनही जमत नाही.

मला धीर आला तो द्राक्षबागच्या 'तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत' या वाक्याने.

वाचनवेडा

या बाजूने मी विचार केला नव्हता. मात्र लक्ष्मीबाईंना मी यादीतून काढणार नाही. त्यांचे मोठेपण शिकण्यात होतेच, पण स्वतःच्या फजित्या हसत सांगण्यातही होते, आणि ते सामान्य माणसाच्या अधिक जवळचे आहे.

शोधनिबंध

मी दोन मुलांची आई असून सध्या पीएच.डी. करते आहे. पदवी असो वा संशोधन, नियम माहीत असणे हा उमेदीचा मोठा भाग आहे, असे मला वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे असतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात आणि महिलांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. शिवाय संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. हे मला धाकट्याच्या वेळी माहीतच नव्हते. बाळ चाळीस दिवसांचे असताना मी प्रगती अहवाल घेऊन एका कार्यालयाच्या बाकावर बसले होते आणि आतल्या गृहस्थांनी 'मॅडम, आधी घर तरी सांभाळा' असा सल्ला दिला होता. रजेचा नियम त्यांनाही माहीत नव्हता की सांगायचा नव्हता, कोण जाणे.

दुसरी गोष्ट जागेची. घरी मला कोणीही अडवत नाही, पण घर स्वतःच अडवते. पुस्तकावरून नजर उचलली की पंख्यावरची धूळ दिसते. म्हणून मी गंगापूर रोडजवळच्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून जाऊ लागले. तिथे सर्व मुले स्पर्धा परीक्षांची, वीस-बावीस वर्षांची. पहिल्याच दिवशी एकाने अदबीने विचारले, 'काकू, कोणाला न्यायला आलात?' आता तीच मुले माझी खुर्ची धरून ठेवतात आणि मी चकल्या नेते.

आजी नाशिकरोड

मी सून नव्हे, सासू आहे, तेव्हा माझी बाजूही ऐकावी.

माझी सून लग्नानंतर एम.ए. करू लागली तेव्हा मला राग येत असे, हे मी आज कबूल करते. शिक्षणाचा राग नव्हता. मी स्वतः सातवीपर्यंत शिकले आणि वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. राग याचा होता की दुपारी साडेतीनला आम्ही दोघी चहा घेत असू, तो चहा बंद झाला. तिने खोलीचे दार लोटून घेतले आणि मला कोणी काही सांगितले नाही. बंद दाराबाहेर बसलेल्या माणसाला आत काय चालले आहे ते कळत नाही, मग तो मनाचेच रचतो. मी भांडी मुद्दाम जोरात ठेवत असे.

एके दिवशी तिला ताप होता आणि दुसऱ्या दिवशी पेपर. ती म्हणाली, 'आई, तुम्ही मला प्रश्न विचारता का, माझे डोळे उघडत नाहीत.' मी चष्मा लावून प्रश्न वाचले, ती पडल्या पडल्या उत्तरे देत गेली. एक उत्तर तिने अर्धे सोडले, ते मी पुस्तकात बघून सांगितले. त्या दिवसापासून साडेतीनचा चहा परत सुरू झाला, पण चहाबरोबर प्रश्नोत्तरे. भांड्यांचा आवाज कधी कमी झाला ते माझ्याही लक्षात आले नाही.

अश्विननगर, तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, डोळे दुखत नाहीत ना? मग त्यांच्या हाती पुस्तक दे.

पंचवटीची सून

आजी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण आज कुकर त्यांनी लावला.

सतरा नंबर

मी शिकणाऱ्या आईचा मुलगा आहे. माझ्या आईने सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा अर्ज) भरून दहावीची परीक्षा दिली, आणि तीही मी दहावीला होतो त्याच वर्षी. घरात दोन हॉल तिकिटे, एकच टेबल आणि भूमितीची एकच पेटी होती. खरे सांगायचे तर मला तेव्हा लाज वाटत असे. मित्रांना कळू नये म्हणून मी तिला शाळेच्या दिशेने येऊ देत नसे. ती पहाटे साडेचारला उठून आमचे डबे करी आणि सहाला मला उठवून म्हणे, 'चल, इतिहासातले मला विचार.' मला वाटे, मी तिला शिकवतो आहे. विचारता विचारता माझाच इतिहास पाठ झाला, हे निकालाच्या दिवशी कळले.

तिचे गणित राहिले. ती जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा बसली आणि तेव्हा तिला केंद्रापर्यंत सायकलवर मीच सोडले. शाळेच्या फाटकासमोरून सोडले, मागच्या गल्लीने नव्हे. आता ती बारावी झाली आहे आणि माझ्या चालू वर्षाच्या गुणांवर टीका करते.

मिसळप्रेमी

या प्रतिसादावर विनोद करणार नाही.

रात्रपाळीवाला

पंचवटीची सून यांच्या प्रतिसादानंतर मी दोन दिवस गप्प होतो, कारण मी तो सौभाग्यवतींना वाचून दाखवला होता. त्या म्हणाल्या, 'तुमच्या रविवारच्या चार तासांसाठी मी तीन वर्षे दोन्ही मुलांना घेऊन द्वारका चौकातून बस पकडून माहेरी जात होते. तुम्हाला वाटलं, मला माहेरची ओढ आहे.' मी इतकी वर्षे हे जाणले नव्हते. 'आपोआप' हा शब्द मी मागे घेतो.

त्यांना विचारले की तुम्हाला शिकायचे आहे का. त्यांनी सांगितले की शिकायचे नाही, पण रविवारचे चार तास हवे आहेत. दिले आहेत. भाजी बेतास बात जमली.

द्राक्षबाग

दादा, मीठ नंतरही घालता येते, पण जास्त झालेले काढता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. विषयावर परत येते. धागाकर्ती कुठे आहेत?

समंत्रक

मीही तेच विचारणार होतो. परीक्षा अर्जाची मुदत बहुधा जवळ आली असेल, ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावी.

अश्विननगर

इथेच आहे. सर्व प्रतिसाद वाचले, काही दोनदा वाचले. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण जे लिहायचे होते ते आधी घरी सांगायचे होते.

समंत्रक सरांनी विचारणार नाही असे म्हणत बरोबर तेच विचारले. माझे जे तीन विषय उरले आहेत, त्यांतला एक, समाजशास्त्राचा, मी मागच्या वेळी दिलेला आहे. चार गुणांनी राहिला. घरी सांगितले होते की निकाल अजून लागायचा आहे. मुलाला 'कमी गुण पडले तरी खोटे बोलायचे नाही' असे बजावणारी मीच, म्हणून मला ते तोंडातून काढवेना. पुस्तक उघडले की पहिल्या पानावर ते चार गुण दिसत. रोखठोक यांनी लिहिले की कदाचित मनालाच पटलेले नाही. दोन दिवस मलाही तसेच वाटले. पण पटले नसते तर चार गुणांचे इतके वाईट वाटले नसते.

परवा यजमानांची पहिली पाळी होती, संध्याकाळी सर्व घरी होते, तेव्हा जेवताना सांगून टाकले. मला वाटले होते तसे काहीच झाले नाही. यजमान म्हणाले, 'चारच ना?' सासूबाई म्हणाल्या की सहा महिने त्यांना वाटत होते, सुनेचे आपल्यावर काहीतरी बिनसले आहे. मुलाने मात्र मान वर करून विचारले, 'म्हणजे तू खोटं बोललीस?' मी हो म्हटले. त्याला त्याची फार मजा वाटली आणि तो अजून ते वसूल करतो आहे.

द्राक्षबाग ताईंच्या सांगण्याप्रमाणे कागदावर महिने मांडले. यजमानांच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी घर सर्वांत शांत असते, हे इतक्या वर्षांत कधी लक्षातच आले नव्हते. म्हणून असे ठरवले आहे की या वेळी तीनऐवजी दोनच विषय द्यायचे आणि समाजशास्त्र त्यांत पहिले घ्यायचे. पुस्तकाची शिवण उसवायचा धीर होत नाही, तेव्हा प्रकरणांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. काल सासूबाईंनी चष्मा लावून 'सामाजिक स्तरीकरण म्हणजे काय' असे विचारले, मी अर्धे पान लिहिले आणि त्यांनी 'जातीचे उदाहरण राहिले' असे सांगितले. चूक बरोबर पकडली.

आज अजून पुस्तक उघडलेले नाही. मुलीला ताप आहे. तिसऱ्या विषयाचे काय करायचे, हेही अजून कळलेले नाही.

आजी नाशिकरोड

मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेव आणि आज अभ्यास करू नकोस. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

शोधनिबंध

तिसऱ्या विषयाचे पुढच्या परीक्षेच्या वेळी बघता येईल. समाजशास्त्राच्या माझ्या जुन्या टिपणवह्या आहेत, अक्षर वाईट आहे पण उत्तरे पूर्ण आहेत. शनिवारी मी सीबीएसकडे (मध्यवर्ती बसस्थानकाकडे) येणार आहे. हव्या असतील तर व्यक्तिगत निरोप करा, आणून देते.

अश्विननगर

हव्या आहेत. शनिवारी यजमानांची सुटी आहे, मी येते. निरोप पाठवला आहे.